हेलियमऐवजी कोणता कॅरिअर गॅस घ्याल?

गॅस क्रोमॅटोग्राफीत (जीसी) नमुन्यातले घटक कॉलम नावाच्या बारीक, लांब नळीतून पुढे वाहून नेणारा वायू म्हणजे कॅरिअर गॅस; वाटेत घटक वेगळे होतात. त्यासाठीचा हेलियम परवडेनासा झाला किंवा वेळेवर मिळेनासा झाला, की लगेच हायड्रोजनचा विषय निघतो. मी मात्र आधी जुना क्रोमॅटोग्राम मागते, म्हणजे प्रत्येक घटकाचं शिखर (पीक) दाखवणारा आलेख. सर्वांत जवळच्या दोन पीकचं रिझोल्यूशन, म्हणजे ती एकमेकांपासून किती सुटी आहेत याचं माप, किती आहे? बहुतेक कामांना १.५ पुरतं. तिथे ३ किंवा ४ मिळत असेल, तर ती मेथड (तपासणीची ठरलेली पद्धत) नायट्रोजनवर चालण्याची चांगलीच शक्यता आहे, आणि नायट्रोजनला पेट घेण्याची भीती नाही.

नायट्रोजनने पीक बिघडतात हा समज अर्धाच खरा आहे. ०.२५ मिमी व्यासाच्या कॉलममध्ये सेकंदाला १० ते १५ सेंमी वेगाला तो हेलियमपेक्षा काकणभर सरसच ठरतो. वेग वाढवला की मात्र पीक झपाट्याने रुंदावतात. हायड्रोजन ३५ ते ६० सेंमीलाही छान चालतो. हा फरक वेळेत दिसतो: ३० मीटरच्या कॉलममधून, आत कुठेही न अडकणाऱ्या घटकाला १२ सेंमी वेगाने २५० सेकंद लागतात, ४० सेंमीने ७५.

तरी पहिली चाचणी कमी वेगाने करू नका. हेलियमचाच वेग आणि तापमानाचा प्रोग्रॅम तसाच ठेवून नायट्रोजन लावा. रिटेन्शन टाइम (घटक बाहेर पडायला लागणारा वेळ) जवळपास जागेवर राहतात, पीक फक्त रुंद होतात. रिझोल्यूशन तरीही पुरत असेल तर काम झालं. थोडक्यात हुकत असेल तर २० मीटर, ०.१८ मिमी, ०.१८ मायक्रॉन फिल्मचा (आतल्या लेपाचा) कॉलम लावून बघा. ३० मीटर, ०.२५ मिमी, ०.२५ मायक्रॉनच्या कॉलमशी त्याचा फेज रेशो (व्यास आणि फिल्मची जाडी यांचं प्रमाण) जुळतो. नमुना मात्र कमी टोचा, त्याची क्षमता कमी असते.

आता डिटेक्टर. एफआयडीला, म्हणजे हायड्रोजनच्या ज्योतीत घटक जाळून मोजणाऱ्या डिटेक्टरला, नायट्रोजन चालतो. टीसीडीवर (वायूच्या उष्णतावहनातला फरक मोजणारा डिटेक्टर) बहुतेक घटकांची संवेदनशीलता नायट्रोजनने खूप घटते. पण हायड्रोजनच मोजायचा असेल तर नायट्रोजन किंवा आरगॉनच योग्य. मास स्पेक्ट्रोमीटरवर (मास स्पेक; घटकांचे आयन करून त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणारं उपकरण) नायट्रोजन टाळा, संवेदनशीलता फार कोसळते. तिथे माझा आग्रह असा, की बाकीच्या जीसी नायट्रोजनवर नेऊन वाचलेला हेलियम मास स्पेकला द्यावा.

तेही जमत नसेल, किंवा रनचा वेळ वाढवून चालणार नसेल, तरच हायड्रोजन. हवेत ४ टक्क्यांवर तो पेट घेऊ शकतो. त्यामुळे कॉलमच्या ओव्हनमध्ये हायड्रोजन सेन्सर हवा, स्प्लिट व्हेंट आणि सेप्टम पर्जची नळी (नमुना टोचतो तिथून जादा वायू बाहेर सोडणाऱ्या वाटा) एक्झॉस्टला जोडलेली हवी. जुन्या तांब्याच्या नळ्या वापरू नका. मास स्पेकचा पंप बंद करण्याआधी किंवा वीज गेल्यावर हायड्रोजन बंद करणं ही सवय अंगी बाणवा, नाहीतर तो आत साठत राहतो. एफआयडीला कॅरिअरमधून हायड्रोजन जातोच, तेवढा ज्योतीला वेगळा दिलेला हायड्रोजन कमी करा.

मास स्पेकच्या गरम सोर्समध्ये (जिथे आयन तयार होतात) हायड्रोजन रासायनिक क्रियाही करतो. नायट्रोबेंझिनचं ॲनिलिन होऊ शकतं, मग लायब्ररीशी (ओळखीच्या स्पेक्ट्रमच्या संग्रहाशी) स्पेक्ट्रम जुळत नाही. नायट्रो संयुगं तपासत असाल तर त्यांची स्टँडर्ड (माहीत असलेले नमुने) आधी चालवून आयनांची गुणोत्तरं पाहा. बॅकग्राउंडही सुरुवातीला बरंच वाढलेलं असतं. ते स्थिरावल्याशिवाय कॅलिब्रेशनला हात घालू नका.