कमरेचा घेर नीट कसा मोजावा, आणि कशासाठी

त्वचेखालची चरबी म्हणजे शरीराची कोठी. ती भरली की पेशी फुगतात, त्यांना प्राणवायू पुरत नाही आणि भोवती दाह सुरू होतो. अशा पेशी इन्शुलिनला (साखर आटोक्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाला) जुमानत नाहीत. चरबी रक्तात सांडत राहते आणि यकृतात, स्नायूंत, आतड्यांभोवती जाऊन बसते. साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) आणि रक्तदाब चढतो तो बराचसा इथून.

वजनकाट्यावर हे दिसत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१. म्हणून टेप हवी.

शिंप्याची टेप चालेल, पण जुनी कापडी टेप लांबते. आधी पोलादी पट्टीशी ताडून घ्या. सकाळी उपाशीपोटी, लघवी करून, उघड्या अंगावर मोजा. पाय जुळवून उभे राहा. कुशीत शेवटच्या बरगडीची खालची कड चाचपा, मग त्याच रेषेत कमरेच्या हाडाची वरची कड. दोन्हींच्या मधोमध पेनने खूण करा, दुसऱ्या कुशीतही. टेप या खुणांवरून आडवी न्या. पाठीमागे ती हमखास घसरते, आरशात बघा. श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता आकडा वाचा. दोनदा मोजून सरासरी घ्या; फरक एक सेंटिमीटरहून जास्त आला तर पुन्हा मोजा.

बेंबीवरून मोजू नका, सुटलेल्या पोटाबरोबर तीही खाली उतरते. पँटच्या नंबरावर तर मुळीच जाऊ नका: पट्टा ढेरीखाली सरकतो आणि नंबर वर्षानुवर्षं चौतीसच राहतो!

भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर, स्त्रियांत ८० ही मर्यादा (गरोदरपणात लागू नाही). आकडा त्यापुढे गेला असेल तर उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज), लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) आणि बीपी तपासून डॉक्टरांना दाखवा.

पोटाचे व्यायाम स्नायू घट्ट करतात, तिथलीच चरबी वेचून काढत नाहीत. लायपोसक्शन त्वचेखालची चरबी काढतं, यकृतातली तिथेच राहते. उपयोग होतो तो एकूण वजन उतरण्याचा. साखर सीमारेषेवर असलेल्यांच्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत ७ टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं हे उद्दिष्ट होतं. सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ७० किलोच्या माणसासाठी ७ टक्के म्हणजे जेमतेम पाच किलो. टेप महिन्यातून एकदाच लावा. रोजचा चढउतार जेवणाचा आणि गॅसचा असतो.