मूल ऐकत नाही तेव्हा घरी नेमकं काय करावं

कोल्हापुरात महाद्वार रोडवर सणाची गर्दी. चार-साडेचार वर्षांचं पोरगं खेळण्यांच्या गाड्यापाशी बसकण मारतं आणि भोकाड पसरतं. आई समजावते, मग दटावते, मग "थांब, बाबांनाच सांगते" म्हणते. पोरगं रस्त्यावर लोळायला लागतं. शेवटी आजी बटव्यातून पन्नासाची नोट काढते, "घेऊन टाक गं त्याला, लोक बघायलेत." खेळणं हातात येतं, रडणं थांबतं.

एवढ्यात सगळेच काही ना काही शिकलेले असतात. लोळलं की मिळतं, हे पोराला कळलं. दिलं की शांत होतं, हे मोठ्यांना कळलं. दोघांनाही लगेच बक्षीस मिळालं, त्यामुळे पुढच्या वेळी दोघंही हेच करणार. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कुटुंबांच्या घरी जाऊन अशा प्रसंगांच्या बारीक नोंदी घेतल्या. १९८२ मध्ये त्याने या चक्राची सविस्तर मांडणी केली. चक्र उलटंही फिरतं. आई जोरात ओरडली की पोरगं दचकून ऐकतं, म्हणजे ओरडण्याचा उपयोग होतो असं वाटतं, आणि पुढच्या वेळी आवाज आणखी चढतो.

पालकांच्या प्रशिक्षणाचे जे कार्यक्रम पुढे निघाले, त्यांचा भर हे चक्र मोडण्यावर आहे. ओरेगॉनमध्येच कॉन्स्टन्स हॅन्फ यांनी १९६० च्या दशकात दोन टप्प्यांची पद्धत बसवली: आधी मुलाशी नातं, मग शिस्त. शीला आयबर्ग यांची पालक-बालक संवाद उपचारपद्धती त्यातूनच वाढली, आणि सिएटलच्या कॅरोलिन वेबस्टर-स्ट्रॅटन यांच्या कार्यक्रमावरही हॅन्फ यांच्या पद्धतीचा ठसा आहे. हे टप्पे बरेच पालक उलटे घेतात किंवा पहिला गाळूनच टाकतात. "लाड पुरे झाले, शिक्षा कशी करायची तेवढं सांगा," असं म्हणणाऱ्यांसाठी या लेखात फारसं काही नाही. खालच्या गोष्टी साधारण तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आहेत.

पहिली पायरी: एकच वागणूक निवडा आणि लिहा

"हट्टी आहे", "वांड आहे" ही वागणूक नव्हे, हे शिक्के झाले. "मोबाईल काढून घेतला की लाथा मारतो" ही वागणूक. बघणाऱ्या दोघांचं "हो, आत्ता झालं" यावर एकमत व्हावं, इतकं ते स्पष्ट हवं. आठवडाभर एका वहीत तीनच गोष्टी लिहा: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, त्यानंतर लगेच आपण काय केलं. तिसरा रकाना लिहायला जड जातो, कारण त्यात आपणच असतो. पण बदल करायचा तो तिथेच. पुष्कळदा या नोंदींतूनच कळतं की सगळा गोंधळ संध्याकाळी सात ते साडेआठमध्ये, भूक आणि झोप एकत्र आल्यावर होतो. मग जेवण अर्धा तास अलीकडे घेतलं तरी निम्मं काम होतं.

दुसरी पायरी: रोज पाच मिनिटं, मूल म्हणेल तो खेळ

हे वाचायला सगळ्यांत सोपं, करायला सगळ्यांत अवघड. आयबर्ग यांच्या पद्धतीत पालक मुलाबरोबर खेळतात. समुपदेशक एकतर्फी काचेमागून बघतो आणि पालकाच्या कानातल्या यंत्रातून जागच्या जागी सूचना देतो. पुढे जाण्याची अट अगदी आकड्यांत आहे. पाच मिनिटांत मूल काय करतंय त्याचं दहा वेळा वर्णन, त्याचं बोलणं दहा वेळा परत म्हणणं, दहा वेळा नेमकं कौतुक. आणि प्रश्न, हुकूम, टीका हे सगळं मिळून तीनपेक्षा जास्त नको.

आपली गाडी अडते ती प्रश्नांपाशी. मुलाशी बोलणं म्हणजे त्याची परीक्षा घेणं, असं आपल्याकडे ठरूनच गेलंय. "हा कुठला रंग? काकांना एबीसीडी म्हणून दाखव बघू." दिवाळीत अंगणात किल्ला चाललाय असं धरा. मूल माती थापतंय. आपली सवय: "अरे, बुरूज असा असतो काय? पन्हाळ्याला बघितलास नव्हं?" त्याऐवजी: "तू बुरजावर मावळा उभा केलास." मूल म्हणतं, "हा पहारा करणार." आपण म्हणायचं, "हां, हा पहारा करणार." एवढंच. सुरुवातीला वेडगळ वाटतं आणि घरातले हसतात. हसू द्या.

मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. ही पाच मिनिटं बक्षीस म्हणून द्यायची नाहीत आणि शिक्षा म्हणून काढूनही घ्यायची नाहीत. ज्या दिवशी मूल सगळ्यांत वाईट वागलं, त्या दिवशीही ती द्यायची. दुकान किंवा कारखान्यातून उशिरा येणाऱ्या वडिलांनीही ती उरकून टाकू नयेत, कारण पाचच मिनिटं आहेत.

तिसरी पायरी: चांगलं वागताना पकडा

"शाब्बास" चांगलंच, पण कशाबद्दल ते मुलाला कळत नाही. "हाक मारल्याबरोबर आलास, छान केलंस," हे कळतं. ते लगेच म्हणा, संध्याकाळी पाहुण्यांसमोर नको. कौतुक केलं की पोरं डोक्यावर बसतात ही भीती आपल्याकडे मुरलेली आहे. अशा कार्यक्रमांच्या कुठल्या घटकाला जास्त गुण येतो, हे शोधणाऱ्या काही अभ्यासांमधून मात्र कौतुक हा एक भक्कम घटक म्हणून पुढे आला आहे. शेपूट मात्र लावू नका: "आज ऐकलंस, रोज असं वागायला काय होतं?" दुसऱ्या अर्ध्याने पहिला अर्धा धुऊन जातो.

चौथी पायरी: सांगायचं कसं

"ए, आवर की लवकर!" यातून पाच वर्षांच्या मुलाने नेमकं काय करायचं? जवळ जा, त्याच्याकडे बघा, एका वेळी एकच गोष्ट सांगा, आणि काय करायचं ते सांगा: "चप्पल कपाटात ठेव." "ठेवतोस का?" असं विचारलं तर "नाही" हे उत्तर रास्तच आहे. सांगितल्यावर मनात पाचपर्यंत मोजा आणि गप्प राहा. त्या पाच अंकांत आपण बहुतेक तीनदा तेच बोलतो, आणि पहिल्या दोन हाका सोडून द्यायच्या असतात हे मूल त्यातून शिकतं. ऐकलं तर तिसरी पायरी. जे करून घ्यायची आपली तयारी नाही, ते सांगूच नका.

पाचवी पायरी: किरकिरीकडे काणाडोळा, सगळ्यांनी मिळून

कुरकुर, तोंड वेंगाडणं, उगाच रडणं यांना लक्ष हेच खाद्य असतं. नजर काढून घ्या, बोलू नका, आणि आवाज थांबला की लगेच वळा. आधी ते वाढतं, हे पक्कं धरून चला. रोज चालणारी युक्ती चालेनाशी झाली की मूल ती आणखी जोर लावून वापरून बघतं. नेमक्या त्या शिखरावर आजीने नोट काढली, तर एवढं जोरात केलं तरच मिळतं हा नवा धडा पक्का झाला.

म्हणून सुरू करण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकदा बसवा. आजीला "तुमच्यामुळं बिघडलाय" म्हणून उपयोग नाही. तिला काम द्या. "आई, तो गप्प झाला की तुम्हीच पहिल्यांदा त्याच्याशी बोला." एकत्र कुटुंबात हे अवघड आहे, पण तिथे कौतुक करणारी तोंडंही जास्त असतात. मारणं, चावणं, रस्त्यावर पळणं, वस्तू फोडणं यांकडे मात्र काणाडोळा करायचा नाही.

सहावी पायरी: परिणाम छोटा, लगेच आणि दर वेळी

सायकल रस्त्यावर नेली, तर सायकल आज आत. बहिणीला मारलं, तर बाजूला खुर्चीवर तीन ते पाच मिनिटं शांत बसणं. जागा कंटाळवाणी हवी, भीतीदायक नको. अंधारी खोली, बाथरूमची कडी यांचा याच्याशी काही संबंध नाही. त्या वेळात भाषण नाही. वेळ संपली की विषय संपला, आणि मूळ काम राहिलं असेल तर ते पुन्हा शांतपणे सांगायचं. "महिनाभर टीव्ही बंद" ही शिक्षा परवापर्यंतसुद्धा टिकत नाही, हे पोरांना आपल्याआधी माहीत असतं.

आणि मार? एलिझाबेथ गेरशॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये ७५ अभ्यास एकत्र तपासले, दीड लाखाहून जास्त मुलांचे. फटके मारण्याचा संबंध जास्त आक्रमकपणाशी आणि वागण्याच्या इतर तक्रारींशी दिसला. हा संबंध आहे, मारामुळेच तसं झालं याचा तो अंतिम पुरावा नव्हे. पण मारल्याने मूल सुधारतं, असंही त्यात कुठे दिसलं नाही. शाळेत तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदीच आहे.

क्लास किंवा शिबिर निवडताना

दसरा चौकात शाहू स्मारकला सुजाण पालकत्वावर दोन तासांचं व्याख्यान ऐकून माणूस भारावून घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेची रिक्षा येण्याआधी नेहमीसारखाच ओरडतो. यात वक्त्याचा दोष नाही. आखाड्याच्या कडेला उभं राहून डाव बघणाऱ्याला कुस्ती येत नाही. लाल मातीत उतरून, वस्तादाच्या नजरेखाली तोच डाव पुन्हा पुन्हा करावा लागतो. २००८ मध्ये जेनिफर कमिन्स्की आणि सहकाऱ्यांनी पालक-प्रशिक्षण कार्यक्रमांच्या ७७ मूल्यमापनांचा एकत्रित अभ्यास केला. त्यात ज्या घटकांमुळे परिणाम जास्त दिसला, त्यांत पालकांनी सत्रातच स्वतःच्या मुलाबरोबर सराव करणं हा एक होता. मुलाशी चांगल्या क्षणांची भर घालणं, भावनांबद्दल बोलायला शिकणं आणि नियमांत सातत्य ठेवणं हेही त्यांत होते.

म्हणून पैसे भरण्याआधी विचारा: सत्रं किती आठवड्यांची? (एका दिवसाचं असेल तर ते व्याख्यान समजा.) मुलाबरोबर सराव करून घेणार का? घरी करायला काम देणार आणि पुढच्या वेळी ते विचारणार का? "सात दिवसांत मूल आज्ञाधारक" अशी पाटी दिसली तर पुढे चला.

गुण किती येतो, तेही सांगायला हवं. आरोग्यविषयक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात तीन ते बारा वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी घेतलेल्या गटवर्गांच्या १३ चाचण्या होत्या. वर्गानंतर मुलांचं वागणं सुधारलं आणि पालकांचं स्वतःचं मनःस्वास्थ्यही. ही सुधारणा वर्षानुवर्षं टिकते का, याचा पुरेसा पुरावा आढावा घेणाऱ्यांना मिळाला नाही. यातलं बहुतेक संशोधन श्रीमंत देशांतलं आहे, पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कमी-मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठीही असे कार्यक्रम सुचवले आहेत.

कधी दाखवायचं

दीड-दोन महिने नेटाने करूनही फरक नसेल, मूल स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल, बोलणं वयाच्या मानाने मागे असेल, शाळेतूनही सतत तक्रार येत असेल, किंवा आपला हात वारंवार उठत असेल, तर वाट बघू नका. चंचलतेच्या आजाराची (एडीएचडी) शंका आली की औषधाच्या भीतीने पालक लांब राहतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस वाचली तर ती भीती कमी होईल: चार वर्षांपासून सहावा वाढदिवस होईपर्यंतच्या मुलांसाठी पहिला उपाय औषधाचा नसून पालकांच्या प्रशिक्षणाचाच आहे.

आपले बालरोगतज्ज्ञ ही पहिली जागा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. अंगणवाडी आणि सरकारी शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांना वागण्याबद्दलही सांगा. घरातून निघणं होत नसेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे; फोन मोफत आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं.