पावासाठी यीस्ट: ताजं की कोरडं?
इंदूरच्या मे महिन्यात, पारा ४० पार असताना, बेकरीतून ताजं यीस्ट आणायचं तर डब्यात बर्फ हवाच. नाहीतर ते चिकट होऊन वास मारतं. फ्रिजमध्येही जेमतेम दोन-तीन आठवडे टिकतं. म्हणून माझा कौल कोरड्यालाच. कृतीत ३० ग्रॅम ताजं सांगितलं असेल तर इन्स्टंट (थेट पिठात मिसळायचं कोरडं यीस्ट) १० ग्रॅम पुरे. ॲक्टिव्ह ड्राय (कोरड्याचाच दुसरा प्रकार) असेल तर १२ ते १५ ग्रॅम, पण आधी कोमट पाण्यात चिमूटभर साखरेबरोबर भिजवा. १० मिनिटांत फेस नाही आला तर ते मेलंय, मैदा वाया घालवू नका. पाणी बोटाला चटका देणारं नको. ६० अंशांना यीस्ट मरतं. आणि उन्हाळ्यात पीठ भराभर फुगतं हो, तेवढ्यात पोहे-जिलेबी आणायला निघू नका!