एक साइट की तीन? माझा तासगावी हिशोब

हळदीची एक, बेदाण्याची दुसरी, द्राक्षफवारणीची तिसरी, अशा तीन वेबसाइट मी एकदम सुरू केल्या. रात्री सांगलीच्या मार्केट यार्डातून तासगावला परतल्यावर आज कुठं लिहायचं, यातच चहा गार व्हायचा. त्यात साइटच्या सॉफ्टवेअरचे अपडेट करायचे राहिले नि बेदाण्याची साइट हॅक झाली. उघडली की जुगाराच्या जाहिराती!

हळद-बेदाण्याचं गिऱ्हाईक एकच, म्हणून त्या दोन्ही एकत्र केल्या. तुम्ही करणार असाल तर जुन्या पानांवरून नव्या पानांवर ३०१ रिडायरेक्ट (वाचकाला आपोआप नव्या पानावर नेणारी कायमची सोय) लावा आणि जुनं डोमेन, म्हणजे साइटचा जुना पत्ता, किमान वर्षभर सोडू नका, नाहीतर गूगलवरून येणारा वाचक वाटेतच हरवतो. ॲडसेन्सचं, म्हणजे साइटवर गूगलच्या जाहिराती दाखवून पैसे मिळवायचं, खातं माणशी एकच. त्याच खात्याला अनेक साइट जोडता येतात.

फवारणीची मात्र वेगळीच ठेवली. बेदाणा घेणाऱ्या वहिनींना डावणीच्या (द्राक्षावरच्या रोगाच्या) औषधाशी काय देणंघेणं?