पाइप स्ट्रेसमध्ये नव्याने येताय? आधी लोड केस वाचायला शिका

ठाणे-बेलापूर रोडवरच्या नाहीतर पवईच्या डिझाइन ऑफिसांत मुलाखतीला येणारी मेकॅनिकलची मुलं हमखास सांगतात, "सर, सीझर टू येतं." सीझर टू म्हणजे पाइपमधला ताण मोजायचं सॉफ्टवेअर. येतं म्हणजे आयसोवरून, म्हणजे लाइनच्या त्रिमितीय ड्रॉइंगवरून, लाइन मॉडेल करता येते, रन मारता येतो, आणि रिपोर्टमध्ये 'पास' दिसलं की फाइल बंद. क्लासवाले त्यापुढे फारसे जात नाहीत. मी मग एकच विचारतो: पास झालं, ते कोणत्या मर्यादेत?

रिफायनरी, केमिकल प्लँटच्या लाइनींना साधारणपणे एएसएमई बी ३१.३ हा पाइपिंगचा कोड लागतो, आणि त्यात मर्यादा एकच नाही; लोड केसप्रमाणे, म्हणजे कोणते भार एकत्र धरले त्याप्रमाणे, ती बदलते. वजन आणि दाबामुळे येणारा ताण म्हणजे सस्टेन्ड. तो त्या तापमानाच्या ॲलाउएबलच्या, म्हणजे कोडने मंजूर केलेल्या ताणाच्या, आत हवा. नेहमीचा ए १०६ ग्रेड बी हा कार्बन स्टीलचा पाइप २०० अंशांपर्यंत असेल तर हा आकडा १३८ एमपीए. गरम-थंड होण्याने येणाऱ्या, म्हणजे एक्स्पान्शनच्या ताणाला मात्र थंड ॲलाउएबलची सव्वापट आणि गरम ॲलाउएबलचा पाव भाग यांची बेरीज, म्हणजे इथे २०७ एमपीए मिळतात. एवढी सवलत का? पाइप थोडा वाकला म्हणून वजन कमी होत नाही, ते तसंच लोंबकळत राहतं. तापमानाचा ताण मात्र पाइप जरा यील्ड झाला, म्हणजे कायमचा थोडा वाकला, की उतरतो. तिथे भीती असते ती हजारो वेळा गरम-थंड होऊन फटीग येण्याची, म्हणजे धातू थकून तडकण्याची. हे डोक्यात बसलं की उपायही सुचतात: सस्टेन्ड फेल झाला तर सपोर्ट वाढवा, एक्स्पान्शन फेल झाला तर लाइनला लवचिकता द्या. नवखा माणूस दोन्हीकडे सपोर्टच टाकतो आणि एक्स्पान्शनचा आकडा आणखी वर नेऊन ठेवतो.

चेंबूर-माहुलकडे गेलात तर पाइपरॅकवर मधूनच काटकोनात वळून परत रांगेत येणारे पाइप बघा. तेच लूप. कार्बन स्टील तापमान १०० अंशांनी वाढलं की मीटरमागे सुमारे १.२ मिलिमीटर वाढतं. ती वाढ कुठेतरी जिरवावी लागतेच.

आता खरी गंमत. समजा ३० अंशांचं व्हेसल, म्हणजे प्लँटमधली मोठी टाकी, २०० वर गेलं. नोझल, म्हणजे पाइप जोडायचं तोंड, तळापासून पाच मीटर उंच असेल, तर ते जवळजवळ १० मिलिमीटर वर सरकतं आणि लाइनलाही उचलतं. शेजारचा साधा रेस्ट सपोर्ट, ज्यावर पाइप नुसता टेकलेला असतो, मग मोकळा पडतो. ऑपरेटिंग केसच्या, म्हणजे प्लँट चालू असतानाच्या स्थितीच्या, रिस्ट्रेन्ट (सपोर्टच्या) रिपोर्टमध्ये त्या नोडवर, म्हणजे मॉडेलमधल्या त्या बिंदूवर, उभा लोड शून्य आणि डिस्प्लेसमेंट वरच्या दिशेने दिसतं. थंड सस्टेन्ड केसमध्ये मात्र तोच सपोर्ट इमानदारीने वजन घेत असतो, म्हणून ताण छान आत! प्रत्यक्षात प्लँट चालू असताना ते वजन नोझलवर आणि पुढच्या सपोर्टवर जातं. म्हणून सपोर्ट सुटलेल्या स्थितीचा सस्टेन्ड वेगळा तपासावा लागतो आणि बहुधा तिथे पाइपसोबत वर-खाली होत वजन घेणारा स्प्रिंग सपोर्ट द्यावा लागतो. हे 'पास' या शब्दात कुठेच दिसत नाही. सॉफ्टवेअर तुम्ही सांगितलेल्याच केस तपासतं, विसरलेली केस त्याला आठवत नाही.

ऑपरेटिंग केसमध्ये ताण मोठा दिसला की मुलं घाबरतात. नेहमीच्या तपासणीत तिथे कोडची मर्यादाच नसते. ती केस लागते नोझल लोड, सपोर्ट लोड आणि हालचाल बघायला. पंपाच्या नोझलला एपीआय ६१० या पंपांच्या मानकातले लोडच्या मर्यादेचे आकडे असतात, आणि लाइनचा ताण निम्म्यावर असूनही नोझल फेल होणं रोजचंच.

सॉफ्टवेअरमध्ये 'लिबरल ॲलाउएबल' या पर्यायापुढे केलेल्या खुणेकडेही लक्ष ठेवा. सस्टेन्ड जेवढा कमी, तेवढी उरलेली जागा ती एक्स्पान्शनला देते. वरच्याच पाइपला सस्टेन्ड ६० असेल तर २०७ ची मर्यादा २८५ होते. कोडला हे मान्य आहे, पण मर्यादेच्या ९५ टक्के ताण दाखवणारी लाइन त्या खुणेवरच तगली आहे का, हे तुम्हाला माहीत असायला हवं. तुमचं काम तपासणारा चेकर पहिलं तेच विचारतो.

पाइप कुठून न्यायचे ते ठरवणाऱ्या लेआउटवाल्यांशी मात्र जुळवून घ्या. "इथे लूप द्या" म्हटलं की ते रॅकवर जागा नाही म्हणणार. स्केच घेऊन जा, दोन पर्याय न्या, आणि मुलाखतीला येताना कागदावर साधी एल आकाराची लाइन काढून ती गरम झाल्यावर कुठे सरकेल हे सॉफ्टवेअरविना दाखवता येईल एवढी तयारी करून या.