पर्वतमाथ्यावरच्या तलावांतील मासे: निरीक्षण आणि अभ्यास करताना या चुका टाळा

काचेसारखे स्वच्छ पाणी, काठाला बर्फाचे उरलेले पट्टे आणि त्या पाण्यात संथ फिरणारे ट्राउट मासे असे दृश्य दिसले की तलाव निरोगी आहे, असा निष्कर्ष आपण नकळत काढून मोकळे होतो. आपल्याकडे नदीत मासे मेले की पाणी बिघडले, हे लहानपणापासून मनात बसलेले असते. त्यामुळे मासे आहेत म्हणजे सगळे ठीक आहे, हा उलटा निष्कर्षही सहज पटतो. हिमरेषेजवळच्या तलावांना मात्र हा निकष लागू पडत नाही, आणि बहुतेक चुकांचे मूळ इथेच असते. पुढील विवेचनात मी मुख्यतः कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतरांगेचा आधार घेतला आहे, कारण तिथल्या तलावांवर अनेक दशके चिकाटीने काम झाले आहे आणि त्यातून कारण-परिणामांची साखळी बरीच स्पष्ट झाली आहे.

मासे दिसले म्हणजे ते मूळचे, असे गृहीत धरणे

सिएरा नेवाडात सुमारे 1,800 मीटरच्या वर असलेल्या जवळजवळ सर्व तलावांत पूर्वी एकही मासा नव्हता. हिमनद्यांनी खडक कोरून खोलगट जागा तयार केल्या, त्यांत पाणी साठले, पण खालून वर येणाऱ्या प्रवाहांच्या वाटेत धबधबे आणि उभे कडे असल्यामुळे माशांना तिथवर चढताच आले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मासे वर नेण्याचे काम माणसांनी केले. आधी खेचरांच्या पाठीवरून डब्यांत भरून मासे वर नेले गेले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर चक्क विमानातून तलावांवर बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्ले, सोडली जाऊ लागली.

म्हणून कोणत्याही उंचावरच्या तलावाची नोंद करताना पहिला प्रश्न हा विचारावा, की मासा इथवर पोहोचला कसा. तलावातून बाहेर पडणाऱ्या ओढ्याच्या कडेने खाली चालत जावे आणि वाटेत मासा ओलांडू शकणार नाही असा धबधबा आहे का ते पाहावे. 'स्थानिक' हा शब्दही जपून वापरावा. कॅलिफोर्नियाचा राज्यमासा असलेला गोल्डन ट्राउट सिएरातलाच आहे, पण तो केर्न नदीच्या खोऱ्यातील मोजक्या ओढ्यांचा रहिवासी आहे. त्याच पर्वतरांगेतल्या इतर असंख्य तलावांत तो माणसाने नेलेला पाहुणा आहे. पर्वत तोच असला तरी पाणी वेगळे असते.

एकच गुन्हेगार शोधणे

सर्वांत महागात पडणारी चूक ही आहे, म्हणून तिच्यावर थोडे अधिक थांबतो.

सिएरात पिवळ्या पायांच्या डोंगरी बेडकांच्या दोन जाती आहेत. हा बेडूक हातात धरला की लसणासारखा वास येतो. दुपारी ऊन चढले की त्याचे टॅडपोल, म्हणजे पाण्यात वाढणारी शेपटीची पिल्ले, काठाजवळच्या उथळ, कोमट पाण्यात शेकडोंनी गोळा होतात आणि काळपट ठिपक्यांची नक्षी दगडांवर पसरल्यासारखी दिसते. एके काळी हे दृश्य इतके नेहमीचे होते की त्याचे कोणाला कौतुकही नव्हते. आज जुन्या नोंदींतील 90 टक्क्यांहून अधिक ठिकाणांहून हे बेडूक नाहीसे झाले आहेत आणि 2014 साली त्यांना अमेरिकेच्या संघराज्य कायद्याखाली संकटग्रस्त म्हणून संरक्षण मिळाले.

कारण काय, असे विचारले की एक जण ट्राउटकडे बोट दाखवतो, दुसरा बुरशीजन्य रोगाकडे आणि तिसरा हवामानबदलाकडे. तिघांचेही बरोबर आहे. चूक होते ती ही कारणे सुटी करून पाहण्यात. या बेडकाच्या टॅडपोलला पूर्ण वाढ होण्यास दोन ते चार वर्षे लागतात, त्यामुळे त्याला असे पाणी हवे असते जे हिवाळ्यात तळापर्यंत गोठणार नाही आणि उन्हाळ्यात आटणार नाही. असे पाणी फक्त खोल तलावांत मिळते, आणि ट्राउटलाही नेमके तेच तलाव हवे असतात. मासे आल्यावर टॅडपोल खाल्ले गेले आणि बेडूक उरले ते उथळ डबक्यांपुरते. आता बर्फ कमी पडले, दुष्काळ लांबला की आधी ही डबकी आटतात. पूर्वी अशा वर्षी शेजारचा खोल तलाव बेडकांचा आसरा असायचा. आता त्यात मासे असतात. म्हणजे दुष्काळाचा घाव खोलवर बसतो, तो माशांनी वाट आधीच बंद केलेली असल्यामुळे.

रोगाची ओळख पटवताना काळजी घ्यावी. हा रोग ज्या कायट्रिड नावाच्या बुरशीमुळे होतो तिची लागण झालेले टॅडपोल बहुधा जगतात, कारण त्यांच्यात ती तोंडाच्या भागापुरती राहते. रूपांतर होऊन कातडीवर बुरशी पसरली की मात्र लहान बेडूक मरतात. त्यामुळे तलावात टॅडपोल भरपूर आणि काठावर मेलेले किंवा मलूल छोटे बेडूक असे चित्र दिसले, तर संशय बुरशीवर घ्यावा. खोल तलावात टॅडपोलच नाहीत, पण वरच्या मत्स्यहीन डबक्यात आहेत, असे दिसले तर संशय माशांवर घ्यावा. प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ ग्रिनेल आणि ट्रेसी स्टोरर यांनी सिएरातीलच योसेमिटी परिसरातील प्राण्यांविषयी 1924 साली प्रसिद्ध केलेल्या नोंदींत, जिथे ट्राउट आहेत तिथे हे बेडूक सहसा दिसत नाहीत, असे लिहून ठेवले होते. त्या साध्या निरीक्षणाकडे कितीतरी वर्षे दुर्लक्ष झाले, याचे मला आजही वाईट वाटते.

तुलनेशिवाय निष्कर्ष काढणे

मासे काढले आणि बेडूक वाढले, एवढ्यावर समाधान मानू नये, कारण ती वर्षेच पावसापाण्याची चांगली असू शकतात. जीवशास्त्रज्ञ व्हान्स व्रेडेनबर्ग यांनी सिएरातील किंग्ज कॅनियन राष्ट्रीय उद्यानात 1996 ते 2003 या काळात जो प्रयोग केला, त्यात पाच तलावांतून ट्राउट काढले आणि त्याच वेळी मासे असलेले तसेच मूळचे मत्स्यहीन असलेले तलावही तुलनेसाठी मोजले. मासे काढलेल्या तलावांत बेडकांची संख्या झपाट्याने वाढली आणि मासे राहू दिलेल्या तलावांत ती वाढली नाही, म्हणूनच त्या निष्कर्षाला वजन आहे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत हीच तुलना बहुतेक वेळा गाळलेली असते. दोन तलावांची मोजणी करण्याची ताकद असेल, तर त्यांतील एक मत्स्यहीन निवडावा.

मत्स्यबीज सोडणे थांबले की तलाव पूर्ववत होईल, अशी आशा धरणे

ब्रूक ट्राउट, ज्याच्या पोटाकडच्या परांना पांढरी किनार असते आणि पाठीवर किड्यांच्या वाटांसारखी नागमोडी नक्षी असते, तो वाहत्या ओढ्याशिवाय तलावाच्या तळावरही अंडी घालू शकतो. त्यामुळे सोडणे बंद केल्यावरही अनेक तलावांत त्याची वंशावळ चालूच राहते.

अशा तलावात डोके मोठे आणि अंग वाळलेले छोटे मासे आढळले की हवामानबदलाने अन्न घटले, असे लिहिण्याचा मोह होतो. आधी गर्दी तपासावी. अन्न कमी आणि तोंडे फार, अशा स्थितीत ब्रूक ट्राउट खुरटतो आणि तरीही दीर्घकाळ जगतो; सिएरातील बनी लेकमध्ये खुरटलेल्या ब्रूक ट्राउटचे आयुष्य 24 वर्षांपर्यंत पोहोचल्याची नोंद आहे. लांबीवरून वय ठरवू नये. कानातील अस्थिखड्यावरची वर्तुळे मोजावीत.

रिकाम्या जाळ्यावर विश्वास ठेवणे

एका रात्रीचे जाळे रिकामे निघाले, म्हणून तलाव मत्स्यहीन ठरत नाही. एकाच आकाराच्या आसाचे (जाळ्याच्या छिद्राचे) जाळे लावले तर बोटुकली आरपार निघून जातात, म्हणून वेगवेगळ्या आसांचे पट्टे असलेले गिलनेट, म्हणजे माशांना कल्ल्यांपाशी अडकवणारे जाळे, वापरतात, आणि तरीही तलावात येणारे व जाणारे ओढे स्वतंत्रपणे चालत पाहावे लागतात, कारण पिल्ले तिथेच दडतात. मासे पूर्ण काढायचे असतील तर काम वर्षानुवर्षे चालते. इटलीतील ग्रान पाराडिसो राष्ट्रीय उद्यानात चार तलावांतून ब्रूक ट्राउट काढताना गिलनेटला विजेच्या साहाय्याने मासे पकडण्याची जोड द्यावी लागली.

हवेचे तापमान तलावाला लावणे

जवळच्या हवामान केंद्राचा आलेख घेऊन तलाव इतका तापला असे लिहिणे चुकीचे आहे. सेक्वोया राष्ट्रीय उद्यानातील एमराल्ड तलावाच्या दीर्घ नोंदींवरून असे दिसते की उन्हाळ्यातील पाण्याचे तापमान हिवाळ्यात किती बर्फ साचले यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. भरपूर बर्फाच्या वर्षी हवा उष्ण असूनही पाणी थंड राहते. तापमापक पाण्यातच ठेवावा, पृष्ठभागावर एक आणि खोलवर एक, आणि बर्फ केव्हा फुटला ती तारीख लिहून ठेवावी.

पाणी हिरवट झाले तरी लगेच उन्हाला दोष देऊ नये. ट्राउट काठावरचे आणि तळाचे कीटक खाऊन त्यांतील फॉस्फरस विष्ठेवाटे मोकळ्या पाण्यात सोडतात, त्यामुळे मूळच्या निकस तलावात शेवाळ वाढते. तळाच्या गाळाच्या थरांतील शेवाळाची रंगद्रव्ये तपासली, तर ही वाढ मासे सोडण्याच्या आधी सुरू झाली की नंतर, हे कळते. परिणाम पाण्यापुरता राहतही नाही: मासे मेफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या कीटकाची पिल्ले फस्त करतात आणि त्या कीटकांवर चरणारे रोझी फिंच पक्षी मत्स्यहीन तलावांपाशी अधिक दिसतात.

एका पर्वताचे उत्तर दुसऱ्याला चिकटवणे

महाराष्ट्रातून दर उन्हाळ्यात काश्मीरच्या उंच तलावांच्या पदभ्रमणाला पुष्कळ मंडळी जातात आणि विशनसर, कृष्णसरच्या काठी ट्राउट पाहून हरखतात. ब्राउन ट्राउट काश्मीरमध्ये 1900 च्या सुमारास ब्रिटनहून अंडी आणून रुजवलेला मासा आहे. झेलमच्या प्रवाहांतील मूळचा मासा म्हणजे स्नो ट्राउट; नावात ट्राउट असले तरी तो कार्पच्या कुळातील आहे. परंतु सिएरातील बेडकांची कथा जशीच्या तशी इथे लावू नये, कारण उभयचर वेगळे, हिमनद्यांचे पाणी वेगळे आणि चराईचा दाबही वेगळा. जाणाऱ्याने वहीत एवढे लिहावे: तारीख, काठावर बर्फ होते की नाही, माशाचे छायाचित्र, ओढ्यावरचा धबधबा, आणि त्याच दिवशी शेजारच्या मत्स्यहीन डबक्यात कोणते कीटक व टॅडपोल दिसले. त्या डबक्याकडे सहसा कोणी वळत नाही, आणि मासे येण्यापूर्वी तलाव कसा असावा याची कल्पना तिथेच येते.