बेस गिटारचं पेडल घेताय? सोलापुरात राहून मी केलेल्या या चुका टाळा

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, आपल्या सोलापुरात स्टेजवर बेस ॲम्प मिळत नाही. कधी मिळालाच तर नशीब म्हणायचं. लग्नाची ऑर्केस्ट्रा असू दे, गणपतीतलं मंडळ असू दे नाहीतर कॉलेजचं गॅदरिंग, साउंडवाला येतो, हातात एक लांब वायर देतो आणि म्हणतो "लावा की, काय बघायलाव". ती वायर थेट मिक्सरला गेलेली असते, तिथनं टॉपला, म्हणजे मांडवातल्या मोठ्या स्पीकरला, संपला विषय. आणि पेडलचे व्हिडिओ बघाल तर ते सगळे असं धरून चाललेले असतात की तुमच्या पाठीमागं कपाटाएवढा बेस ॲम्प उभाय. निम्म्या चुका इथंच होतात.

माझं पहिलं पेडल म्हणजे एक पिवळं डिस्टॉर्शन, पायानं दाबला की आवाज फाडणारा डबा. घरी मित्राच्या छोट्या ॲम्पवर लावलं तर काय खतरनाक वाजलं, दोन रात्री झोप नाही. मग विजापूर रोडच्या बाजूला एका मंगल कार्यालयात प्रोग्राम होता, तिथं थेट मिक्सरमध्ये घातलं आणि स्विच दाबला तर आवाज असा आला की मोहोळ उठलंय. ड्रमर मागनं ओरडतोय, "काय बे, माश्या सोडल्यास का?" पेडलची काही चूक नव्हती. डिस्टॉर्शन केलं की वरच्या फ्रिक्वेन्सीचा नुसता कचरा तयार होतो, बेस ॲम्पचा मोठा स्पीकर तो वरचा भाग वाजवतच नाही, गिळून टाकतो, म्हणून ॲम्पवर ते गोड लागतं. मांडवातल्या टॉपमध्ये ट्विटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) असतो आणि तो बिचारा जे मिळेल ते सगळं वाजवतो.

म्हणून आपल्याकडं पहिली खरेदी प्रीॲम्प-डीआय, म्हणजे बेसचा आवाज घडवून मिक्सरला चालेल असा करून देणारा डबा, फझ-बिझ असले आवाज फाडणारे डबे नंतर. टेक २१ चा सॅन्सॅम्प बेस ड्रायव्हर डीआय यासाठीच लोक इतकी वर्षं वापरतात, त्यात स्पीकरचा आवाज नक्कल करणारं सर्किट आहे आणि मिक्सरला जायला एक्सएलआर (माइकसारखी तीन पिनची वायर लावायची जागा) आहे. तेवढं बजेट नसेल तर बेहरिंगरचा बीडीआय२१, जवळपास तीच नॉबची मांडणी, डबा प्लॅस्टिकचा आहे म्हणून पायानं जरा सांभाळून दाबायचा. अजून एक, पॅसिव्ह (आत बॅटरी नसलेला) बेस नुसता मिक्सरच्या लाइन इनपुटला लावला की आवाज मळका येतो, कारण पिकअपला समोर १ मेगाओहमच्या आसपासचं इनपुट लागतं आणि लाइन इनपुट असतं १०-२० किलोओहमचं. लोक म्हणतात बेस खराब आहे, पिकअप बदलायला निघतात. बेस बरा आहे हो, मध्ये डीआय टाका.

रात्री हेडफोन लावून टोन सेट करणे

ही चूक मी अजूनही करतो, खोटं कशाला बोलू. रात्री अकराला घरचे झोपलेत, हेडफोन लावलाय, बेसचा नॉब वर, ट्रेबल वर, मिड (मधल्या फ्रिक्वेन्सी) खाली, आहाहा. दुसऱ्या दिवशी बँडमध्ये वाजवलं की कुणालाच बेस ऐकू येत नाही, नुसतं काहीतरी हलतंय एवढंच कळतं, मग आपण व्हॉल्यूम वाढवतो आणि साउंडवाला तो कमी करतो आणि दोघं एकमेकांकडं बघत बसतो.

कारण सांगतो. उघडी ई तार म्हणजे ४१ हर्ट्झ, पाच तारांचा बेस असेल तर खालची बी ३१ च्या आसपास. मांडवातले टॉप तेवढं खालचं धड वाजवतच नाहीत. माणसाला जे ऐकू येतं ते त्याच्या वरचे हार्मोनिक, ८२, १२३ आणि त्याच्याही वर, आणि बोटाचा जो टण्णकारा असतो तो तर पार मिडमध्ये. मिड कापला म्हणजे तुम्ही स्वतःच स्वतःला मिक्समधनं बाहेर काढलं. जुन्या सॅन्सॅम्पला मिडचा नॉबच नव्हता, नुसते बेस आणि ट्रेबल, ते दोन्ही चढवले की मिड आपोआप खाली जायचा, नंतरच्या व्ही२ मध्ये कंपनीनं मिड दिला. बीडीआय२१ वर पण मिड नाही, म्हणून त्याच्यावर बेस-ट्रेबल बारा वाजताच्या आसपास ठेवून बघा, आणि ब्लेंड, म्हणजे मूळ आवाजात पेडलचा आवाज किती मिसळायचा तो नॉब, पूर्ण फिरवू नका. मल्टीइफेक्ट (एका डब्यात बरीच पेडल) घेतला असेल, झूमचा बी१ फोर वगैरे, तर त्यातले बरेचसे तयार प्रीसेट घरी भारी वाटण्यासाठीच बनवलेत असं माझं मत आहे. आपला एक साधा पॅच (स्वतःचं सेटिंग) बँडसोबत वाजवता वाजवता बनवा, एकट्यानं नको.

आणि पेडल चालू-बंद करून "चालू असताना भारी वाटतं" असं वाटलं तर आधी दोन्हीचा व्हॉल्यूम सारखा करा. मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. अर्ध्या लोकांनी पेडल नाही, नुसता व्हॉल्यूम विकत घेतलेला असतो.

बेसच गायब

हे दोन वेगवेगळ्या ठिकाणी होतं आणि लोक एकच समजतात.

एक म्हणजे गिटारचं ओव्हरड्राइव्ह (डिस्टॉर्शनचाच सौम्य भाऊ) बेसला लावणे. ट्यूब स्क्रीमर जातीच्या पेडलात क्लिपिंगचा, म्हणजे आवाज फाडणारा, भाग साधारण ७२० हर्ट्झच्या खाली गेन कमी कमी करत जातो, गिटारला ते बरं, घाण चिखल होत नाही, पण बेसचं सगळं घरदारच ७२० च्या खाली आहे. मग वर करकर आणि खाली पोकळ. उपाय म्हणजे क्लीन (न फाडलेला) सिग्नल बाजूनं सोडायचा, ज्या पेडलवर ब्लेंड किंवा ड्राय आहे तेच बघा, बॉसच्या ओडीबी-३ वर बॅलन्स आहे, डार्कग्लासच्या बी३के वर ब्लेंड आहे, बेस बिग मफवर ड्रायचा स्विच आहे. मित्राचं गिटारचं पेडल फुकट मिळतंयच म्हणत असाल तर बॉसचा एलएस-२ (सिग्नल दोन लाइनीत वाटणारा डबा) मधे घालून एका लाइनीत क्लीन, एका लाइनीत ड्राइव्ह, दोन्ही मिसळा.

दुसरं ठिकाण मिक्सर. चॅनलवर एक लो कट बटण असतं, ८० किंवा १०० हर्ट्झच्या खालचं कापणारं, आदल्या माणसानं त्या चॅनलला माइक लावलेला असतो म्हणून ते दाबलेलंच राहतं. तुम्ही स्टेजवर वाकून पेडलचा बेस नॉब पिळताय आणि तिकडं मिक्सर सगळं कापून टाकतोय. साउंडवाल्या दादांना नीट विचारायचं, "दादा, बेसच्या चॅनलचं लो कट बघता का जरा", लगेच बघतात. ऑर्डर सोडल्यासारखं बोललात तर मात्र ते बटण रात्रभर दाबलेलंच राहणार.

ऑक्टेव्ह पेडलचं (तोच सूर एक सप्तक खाली वाजवणारं) पण इथंच सांगतो. ई तारेवर एक ऑक्टेव्ह खाली म्हणजे २० हर्ट्झ, ते ऐकू येत नाही, स्पीकर नुसता पंख्यासारखा हलतो आणि ॲम्पची सगळी ताकद खातो. डी आणि जी तारेवर, पाचव्या फ्रेटच्या वर वाजवा, मजा तिथं आहे. बॉसचं ओसी-२, १९८२ साली आलेलं, आजही लोक शोधत फिरतात, पण ते एका वेळी एकच सूर पकडतं, दोन सूर एकदम वाजवले की घुरघुरतं, म्हणजे बिघडलंय असं नाही. ते साखळीत सुरुवातीला लावा, ड्राइव्हच्या आणि कोरसच्या आधी.

अडॅप्टर, म्हणजे सगळ्यात महाग चूक

प्रोग्रामच्या दहा मिनिटं आधी कळलं की माझा अडॅप्टर घरी राहिलाय. कीबोर्डवाल्याच्या बॅगेत एक जास्तीचा होता, पिन बरोबर बसली, मी खूश. एक बारीक टिक, मग तो वास. ज्याला माहितीय त्याला माहितीय. तो अडॅप्टर १२ व्होल्टचा आणि आतली पिन प्लस. बहुतेक पेडलना लागतं ९ व्होल्ट डीसी, आतली पिन मायनस. पिन बसली म्हणजे चालेल असं अजिबात नाही, वायफाय राउटरचे अडॅप्टर पण तसेच आतून प्लस असतात आणि घरात सगळ्यात आधी तेच हाताला लागतात. अडॅप्टरवर दोन गोलांचं छोटं चित्र असतं, मधला टिंब मायनसला जोडलेला पाहिजे. ते चित्र बघितल्याशिवाय पिन घालायची नाही, लाइट गेलेली असो, नवरदेव स्टेजवर येत असो.

नशीब असेल तर आत एक संरक्षणाचा डायोड असतो तो मरतो आणि बाकीचं वाचतं. माझं तसंच झालं, टीव्ही रिपेअरवाल्या अण्णांनी पंधरा मिनिटांत बदलून दिला, पार्टची किंमत चहापेक्षा कमी. त्यामुळं बंद पडलेलं पेडल भंगारात देण्याआधी एकदा कुणा इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला दाखवाच.

व्होल्ट आणि पिन जुळली तरी मिलीॲम्प बघायचे. साधं ॲनालॉग ओव्हरड्राइव्ह १०-२० मिलीॲम्प खातं, बी१ फोर सारख्या डिजिटलला ५०० चा अडॅप्टर लागतो. अडॅप्टरवर जास्त मिलीॲम्प लिहिलेले चालतात, कमी चालत नाहीत. जुने डिजिटेकचे बीपी मल्टीइफेक्ट बरेचसे ९ व्होल्टच मागतात पण एसी, डीसी नाही, सेकंडहँड घेताना अडॅप्टर नसेल तर हे लक्षात ठेवा.

फँटम पॉवरचं पण थोडं, म्हणजे मिक्सर एक्सएलआरच्या वायरीतनंच पाठवतो ते ४८ व्होल्ट. सॅन्सॅम्प, एमएक्सआरचा एम८० वगैरे मिक्सरच्या ४८ व्होल्टवर चालतात, अडॅप्टर विसरला तर जीव वाचतो. पण ज्या पेडलला एक्सएलआरच नाही त्याला लोक एका बाजूला एक्सएलआर एका बाजूला जॅक अशी जुगाड वायर लावतात, आणि छोट्या मिक्सरवर फँटमचं बटण सगळ्या चॅनलना एकच असतं, कुणीतरी कंडेन्सर माइकसाठी ते दाबतो आणि तुमच्या पेडलच्या आउटपुटात उलटे ४८ व्होल्ट. मध्ये डीआय बॉक्स टाका. बस.

घुंऽऽ असा आवाज येतोय

सगळी पेडल काढा. बेस सरळ लावा. आवाज आहे? मग पेडलचा संबंधच नाही. नाही? मग एकेक पेडल लावत जा, ज्याला आवाज आला तिथं थांबा, आणि आधी छोटी पॅच केबल बदला, दहातल्या आठ वेळा तीच असते असा माझा अनुभव. तारांना हात लावल्यावर घुंऽऽ कमी होत असेल तर बेसचं शील्डिंग किंवा घरातलं अर्थिंग बघा, जुन्या वाड्यांत तीन पिनचं सॉकेट असतं पण तिसऱ्या भोकामागं काहीच नसतं. एकाच अडॅप्टरवर साखळीनं डिजिटल आणि डिस्टॉर्शन एकत्र असतील तर चीं-चीं येते, डिजिटलला वेगळा अडॅप्टर द्या. मिक्सरला लावल्यावरच घुंऽऽ येत असेल तर डीआयचं ग्राउंड लिफ्ट दाबा. पण कुणी प्लगची अर्थची पिन कापायला सांगितली तर त्याचं ऐकू नका, मांडवात ओल्या मातीत उभं राहून तारा धरायच्यात आपल्याला.

आवाज फाटायला लागला, हळूहळू बारीक होत गेला आणि बेस ॲक्टिव्ह आहे, तर बेसमधली ९ व्होल्टची बॅटरी संपलीय. जॅक लावून ठेवला की ती चालूच राहते. एकानं यापायी नवा प्रीॲम्प घेतला होता, नाव नाही सांगत, मीच तो.

आणि धूळ. आपल्याकडं उन्हाळ्यात नॉब फिरवला की खर्रर्र होणारच, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सायकलचं तेल नको. पेडलबोर्ड एप्रिल-मेमध्ये गाडीत ठेवू नका, वेल्क्रोचा गोंद वितळून पेडल घसरतात आणि ते चिकट प्रकरण परत निघत नाही.

घेणं-विकणं

सोलापुरात बेसचं पेडल ट्राय करायला दुकान शोधत बसलात तर पायाचे तुकडे पडतील, म्हणून सगळा व्यवहार पुण्या-मुंबईच्या माणसाशी, फोनवर. फोटो जुने असू शकतात, म्हणून चिठ्ठीवर आजची तारीख आणि तुमचं नाव लिहून पेडलशेजारी ठेवून व्हिडिओ मागा, त्यात स्विच दाबताना आणि सगळे नॉब फिरवताना आवाज ऐकू आला पाहिजे. जॅक हलवून दाखवायला सांगा. बॅटरीचं झाकण उघडून दाखवायला सांगा, आत पांढरी-हिरवी बुरशी असेल तर बॅटरी फुटलेली होती. बॉसचं जुनं पेडल असेल तर खालच्या लेबलवर कुठला अडॅप्टर लिहिलाय, एसीए (जुना) का पीएसए (आताचा), ते वाचून घ्या, एसीएवालं आजच्या ९ व्होल्टच्या अडॅप्टरवर एकटं लावलं की दिवा मंद लागतो आणि आवाज मरतो, विकणाऱ्याला बिघडलंय वाटतं आणि तो स्वस्तात देतो. मी असं एक उचललंय. बॅटरीवर ठणठणीत चालतंय.

तुम्ही विकताय आणि समोरचा म्हणतो "क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील", तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागते.

एकामागं एक अदलाबदल करत बसू नका. दर वेळी "वर दोन हजार दे" करत करत मी एकदा चार पेडल फिरून परत पहिल्याच पेडलवर आलो, सात हजार गेले. नवीन घ्यायचंच असेल तर खोका, कागद आणि खालचं रबर जपून ठेवा, वेल्क्रो लेबलवर चिकटवू नका, विकताना त्याचेच पैसे मिळतात.

पुण्याचा सौदा असेल तर माझी पद्धत अशी, संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं कुणीतरी ओळखीचं येतच असतं, त्याला पुणे स्टेशनवर पेडल घ्यायला लावायचं. जाताना त्याच्या खिशात एक नवी ९ व्होल्टची बॅटरी द्यायची, इनपुटला नुसता जॅक लावून स्विच दाबला की बॉसचा दिवा लागायला पाहिजे, एवढं तरी प्लॅटफॉर्मवर कळतं. कुरिअरनं पाठवायचं झालं तर आधी बॅटरी काढा, नॉबवर जाड पुठ्ठा ठेवा आणि मग गुंडाळा. मी जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा घालतो. एका गिऱ्हाइकानं पेडल मिळाल्यावर मेसेज केला, "पेडल ओके आहे, चादर अजून आहे का?"